डीपीचा सूर आणि मोठ्या बाबांचं डफडं

हॉस्टेलवर माणसाला नाव नसतं, गाव असतं. मी वाशीमवाला, माझा रूम पार्टनर पुसदवाला, समोरच्या रूममधला लातूरवाला, आणि स्वतःची रूम असूनही आमच्याच रूमवर पडीक असणारा मिरजवाला. पाचव्या सेमची पीएल लागली तेव्हा पॉवर सिस्टिम्सचं पुस्तक उघडायचं सोडून आम्ही चौघांनी एक अल्बम काढायचं ठरवलं. (पीएलमध्ये माणसाला अभ्यास सोडून काहीही सुचतं, हे सीनियर्सना सांगायला नको!)

अल्बम म्हणजे डीजे मिक्स. त्यात गाणी सुटी सुटी नसतात. एक संपायच्या आधीच दुसरं त्याच्या पोटातून निघतं, शेवटपर्यंत धागा तुटत नाही. नियम दोनच. खाली बेस पाहिजे, छातीत वाजणारा. आणि वर जे काय वाजेल ते प्रत्येकाने आपापल्या गावाहून आणायचं. सिनेमातलं काही चालणार नाही.

आपण काहीतरी जगावेगळं करतोय असं आम्हाला चार दिवस वाटत होतं. मग कळलं की हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलँड कंपनीची ८०८ आणि ३०३ ही यंत्रं घेऊन मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले, कारण शिकागोवाले त्याच ३०३ मधून जे काढून प्रसिद्ध झाले ते १९८७ च्या आसपासचं. आणि अलीकडे न्यूक्लियाचा २०१५ चा ‘बेस रानी’ तर गॅदरिंगला सगळ्यांनी ऐकलेला आहे. असो. आपण तिसरे तर तिसरे.

लातूरवाल्याने डाळ मिलचा खडखडाट आणला. मिरजवाला सतारमेकरांच्या गल्लीतून भोपळा तासल्याचा आणि त्यावर टिचकी मारल्याचा आवाज घेऊन आला. इतका गोड पोकळ आवाज मी आजवर ऐकला नव्हता. पुसदवाला तांड्यावरचा. त्याने नंगारा आणला. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाचं जे संग्रहालय २०२४ मध्ये उघडलं, त्याची इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची आहे. तो म्हणाला, ‘तुम्ही बेस बेस करता, आमच्याकडे तो आधीपासून आहे.’ आणि खरंच, हेडफोनमध्ये नंगाऱ्याचा ठोका पडला तेव्हा सॉफ्टवेअरमधला बेस आम्हाला प्लॅस्टिकचा वाटायला लागला.

माझ्याकडे आधी होता डीपीचा आवाज. शेताच्या बांधावरची डीपी, हरभऱ्याला पाणी चालू, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू. मोबाईल धरून उभा राहिलो. लाईन ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा पत्रा प्रत्येक सायकलला दोनदा ताणला जातो, म्हणून घुमतो तो १०० हर्ट्झवर. व्हायवाला हा प्रश्न आला होता आणि मी चुकलो होतो! हा सूर बारीक होत नाही, थकत नाही. मग आम्ही सगळा अल्बमच डीपीच्या सुरात लावला. त्याच्या बरोबर खाली, ५० हर्ट्झवर, आमचा बेस. या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. आपल्या रूमच्या भिंतीला ती काय जुमानणार? दहा वाजता वॉर्डन सर दारात. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त ‘लॅपटॉप जमा करू का?’ असं विचारलं.

आता डफड्याचं.

दुसऱ्या फेरीत मी डफडं घेऊन आलो. कोण वाजवतंय, असं पोरांनी विचारलं. मी म्हणालो, ‘गावातला एक म्हातारा आहे.’ फाइलला नावही तेच दिलं, ‘डफडं म्हातारा’.

तो म्हातारा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठे बाबा. आमच्या घरात डफडं पिढ्यान्‌पिढ्या. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं यायचं. वाजवायचं दारात, जेवायचं सगळ्यांच्या नंतर, वेगळं बसून. म्हणूनच मी हॉस्टेलला निघालो तेव्हा वडिलांनी एकच सांगितलं होतं, ‘घरी काय वाजोत होते ते तिथं सांगत बसू नको.’ मी पाच सेमिस्टर सांगितलं नाही.

आणखी एक. मी आठवीत असताना गावातल्या एका वरातीत मोठ्या बाबांना सुपारी होती. ऐनवेळी नवरदेवाच्या मित्रांनी डीजेची गाडी आणली. मोठ्या बाबांना सांगितलं, तुम्ही बाजूला थांबा, नंतर बघू. ते डफडं पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला दोन तास उभे राहिले. अर्धे पैसे मिळाले. गाडीपुढे नाचणाऱ्यांत मी होतो. मी त्यांना पाहिलं होतं आणि नाचत राहिलो होतो. त्यानंतर त्यांनी सुपारी घेणं सोडलं.

परीक्षा संपल्यावर गावी गेलो, त्यांना खाटेवर बसवलं, हेडफोन लावला. आमचा तुकडा सहा मिनिटांचा. त्यांनी सगळा ऐकला, हेडफोन काढला.

‘माहं कोठी हाय?’

‘हे काय, वाजतंय ना मोठे बाबा.’

‘मले तं नाई ऐकू येत. अन्‌ जे येते ते म्या वाजोलेलं नोहे.’

ते बरोबर होते. खालचा जोरकस सूर वरच्या सुरांना झाकून टाकतो. आमच्या बेसखाली डफडं गाडलं गेलं होतं. दुसरं म्हणजे मोठे बाबा सुरुवात करतात मिनिटाला ९६ ठोक्यांवर आणि शेवटी जातात ११८ वर. सॉफ्टवेअरला एकच चाल पाहिजे, म्हणून लातूरवाल्याने त्यांचा ठोका न्‌ ठोका कापून १०५ च्या चौकटीत बसवला होता. त्यात त्यांची चढण मेली.

मग विचारलं, ‘काय नाव देल्लं याले?’

मी म्हणालो, अजून दिलं नाही. खोटं बोललो.

परत आल्यावर त्या रात्री रूमवर तिघांना सांगितलं, तो म्हातारा माझा कोण आहे ते. कुणी फार काही बोललं नाही. मिरजवाल्याने फाइलचं नाव बदललं. लातूरवाला म्हणाला, ‘अरे, मग आधी सांगायचं ना, मी कापलं नसतं.’ मला अजून वाटतं की कापलं असतंच, पण ते असू दे.

तुकडा पुन्हा बांधायला नऊ रात्री लागल्या. चौकट काढली आणि मोठ्या बाबांचीच चाल धरली. ते चढले की बेसही चढतो, नंगाराही, डाळ मिलही. डफड्याचा ठोका पडला की बेस क्षणभर खाली बसेल असं लावलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला साइडचेन म्हणतात. सगळे लोक हे किक ड्रमसाठी करतात. डीपी मात्र जशीच्या तशी, तिला कोण हलवणार.

माघ संपताना पुन्हा गेलो. मोठे बाबा खाटेवर, हेडफोन कानाला, डोळे मिटलेले. दुसऱ्या मिनिटाला त्यांची बोटं खाटेच्या माचव्यावर चालू लागली. चौथ्या मिनिटाला थांबली. मला वाटलं, गेलं.

त्यांनी हेडफोन काढला.

‘इथं म्याच घाई केली. कातडं गार होतं त्या दिवशी, आवाज बसला. पुन्हा भर.’

‘आत्ता?’

‘मंग कवा?’ असं म्हणून त्यांनी मोठ्या आईला हाक मारली आणि डफडं शेकायला तुराट्या मागितल्या.