टायरची आतली बाजू

आमची गाडी सेकंडहँड. 2021 च्या अखेरीस एसटीचा संप लांबत गेला आणि माझी उर्दू शाळा कराडपासून 22 किलोमीटर. दोन महिने वडापमध्ये लोंबकळत काढले. शेवटी पतपेढीचं कर्ज काढून ही गाडी घेतली आणि वयाच्या 32 व्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले.

सर्व्हिसिंग म्हणजे माझ्या लेखी एक बिल. दहा हजार किलोमीटर झाले की गाडी नेऊन सोडायची. ऑइल आणि फिल्टर बदलून, धुऊन-पुसून ती परत मिळते. सोबत एक कागद, त्यावर ओळीनं बरोबरच्या खुणा. ब्रेक, बॅटरी, टायर, सगळं ठीक. अशा खुणा मीही शाळेच्या रजिस्टरात करते. त्यांची किंमत मला तरी ठाऊक असायला हवी होती.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणला मावसबहिणीचा निकाह होता. मुलांना घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा म्हणून चार दिवस आधी सर्व्हिसिंग करून आणलं. अब्बा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "टायर की अंदर की बाजू देखी क्या?" मी कागद दाखवला. त्यांनी तो घेतलाच नाही. मला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं. चाक तिरकं होऊन आतली कड दिसू लागली. मग गुडघे धरत ते खाली बसले आणि टायरवरून हात फिरवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा जास्त.

"तू देख."

बाहेरच्या बाजूला नक्षी चांगली खोल होती. आतली कड मात्र पार गोटा झालेली. एका ठिकाणी बोटाला तार टोचली.

अब्बांनी 35 वर्षं हायवेच्या कडेला पंक्चर काढले. शाळा चौथीपर्यंत. त्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर चाकाचं अलाइनमेंट बिघडलंय. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ते केव्हाच बिघडलं असणार. अशा वेळी पुढचा टायर मागं टाकून काही होत नाही, आधी अलाइनमेंट करायचं. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे नक्षी 1.6 मिलिमीटरच उरली, बदलायचा. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची. गाडी पळाली की टायर तापतो आणि आकडा वाढूनच दिसतो. आणि टायरच्या अंगावर चार आकडे असतात. 1819 म्हणजे 2019 सालचा अठरावा आठवडा, टायरचा जन्म.

मी ऐकत होते आणि मला बी.एड.चा फॉर्म आठवत होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं होतं. फीचे पैसे अब्बांनी दुकानाच्या डब्यातून मोजून दिले होते, नोटांना सोल्युशनचा वास होता. हल्ली मोबाइलवर 'पंक्चरवाले' ही आपल्या लोकांना द्यायची शिवी झालीय. वाचलं की मला संताप येतो. पण तो शब्द लपवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. अब्बांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन टायर नवे घेतले, अलाइनमेंट करून घेतलं. सर्व्हिसवाल्याशी भांडायचं होतं, अब्बांनी जाऊ दिलं नाही. घाटात धुवाधार पाऊस होता. ते पुढच्या सीटवर तसबीह फिरवत बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचं लक्ष रस्त्याकडं, माझ्याकडं एकदाही नाही.

घर्षणाला आमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात 'रगड' म्हणतात. अकरा वर्षं मी हा धडा फळ्यावर शिकवला. या वेळी तो जुना टायर वर्गात नेला. मुलांनी आळीपाळीनं हात फिरवला.

"आपा, ये किसने पकड़ा?"

"मेरे अब्बाने. उनकी पंक्चर की दुकान थी."

मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम ताठ बसला. मधल्या सुट्टीत तोच चार-पाच जणांना घेऊन मुख्याध्यापकांच्या गाडीपाशी वाकून आकडे वाचत होता. थोड्या वेळानं धावत आला. म्हणाला, "आपा, सर का टायर तो मेरे छोटे भाई से बड़ा है!"