गंगाखेडचें जातें

परभणीहून परळीकडे जाणारी आगगाडी पोखर्णी नृसिंह हें ठाणें मागें टाकून दक्षिणेकडे निघाली, कीं दोहों बाजूंस काळीभोर जमीन पसरलेली दिसूं लागते. पौषाचा महिना होता. ज्वारीचीं कणसें भरत आलीं होतीं. तुरीच्या शेंगा वाळल्या होत्या. थोड्या वेळानें गाडीनें गोदावरीचा पूल ओलांडला आणि डब्यांतील दोघीचौघींनीं खिडकीकडे वळून हात जोडले. या प्रदेशांत तिला गोदावरी म्हणणारे थोडे. ती सर्वांची गंगा, आणि तिच्या कांठचें हें गंगाखेड. माझ्या थोरल्या बहिणीचें तें सासर. अक्कानें आतां ऐंशी ओलांडली आहे.

बरोबर नात होती. ती पुण्यास गाणें शिकते, आणि मैफलींत गाणाऱ्यांचीं छायाचित्रें घेण्याचाही तिला छंद आहे. गाडींत तिनें विचारलें, "आजोबा, गाणाऱ्याला सुचतं तें कुठून? आणि तो सुचण्याचा क्षण चित्रांत धरायचा, तर ओळखायचा कसा?"

छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसापाशीं उत्तर तयारच असतें. मीं मम्मटाचा काव्यप्रकाश काढला. उपजत शक्ति, लोक व शास्त्र यांच्या अवलोकनानें येणारी निपुणता, आणि जाणत्यापाशीं राहून केलेला अभ्यास, हीं तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतु होय. ते तीन निरनिराळे हेतु नव्हेत, असें तो म्हणतो. नातीनें मान डोलविली. परंतु तिचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. खरें सांगावयाचें तर तें उत्तर माझेंही पाठांतराचेंच होतें.

गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमि. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं गेली व नामदेवांच्या कुटुंबांत दासी म्हणून वाढली. नामदेवांचें म्हणून मानलें जाणारें नरसी हें गांवही १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. आम्हीं प्रथम जनाबाईच्या मंदिरांत जाऊन दर्शन घेतलें. दळण, कांडण, झाडलोट यांपलीकडे जिच्या दिवसांत कांहीं नव्हतें, तिनें त्यांतूनच अभंग काढले आणि प्रत्यक्ष विठ्ठलाला जात्याशीं आणून बसविलें.

जात्याउखळाशीं गाण्याची ही चाल जनाबाईपेक्षांही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मानसोल्लास नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, अशी नोंद त्यांत आहे. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें आपल्या संगीतरत्नाकरांत ओवीला प्रबंधांमध्यें जागा दिली. म्हणजे ज्या ओवीस आपण बायकांचें गाणें म्हणून बाजूस सारतों, तिची दखल राजानें आणि शास्त्रकारानेंही घेतली होती. घेतली नाहीं ती मीं.

तो अपराध येथें सांगितलाच पाहिजे. मी नुकताच शाळेंत लागलों होतों व वृत्तदर्पण जिभेवर होतें. अक्काकडे गेलों असतां पहाटे ती दळीत होती. गिरणी गांवांत आली होती, परंतु सोवळ्याचें पीठ अद्याप घरींच निघे. मीं बोटांवर अक्षरें मोजलीं आणि चहाच्या वेळीं चारचौघांदेखत म्हटलें, "अक्का, तुझ्या ओवीचा तिसरा चरण दोन अक्षरांनीं लंगडा आहे." ती हंसली. म्हणाली, "बापू, जात्याचा फेरा भरला ना? मग चरण भरला." त्यानंतर माझ्या देखत ती कधींही गायिली नाहीं. ही गोष्ट माझ्या ध्यानांत येण्यासही कित्येक वर्षें लागलीं.

यावेळीं नातीनें आग्रह केला तेव्हां अक्का म्हणाली, "जात्यावांचून मला आठवत नाहीं गं." जातें पडवीच्या कोपऱ्यांत पडलेलें होतें, खुंटा कधींच गहाळ झाला होता. भाच्यानें बाभळीचा खुंटा तासून बसविला. पाळीला टाकी लावणारा कोणी मिळाला नाहीं. तेव्हां पीठ निघणें शक्य नव्हतें. मग तुरी भरडावयाच्या ठरल्या.

पहिल्या दिवशीं अक्का बसली, सूर लावला, इतक्यांत नातीच्या कॅमेऱ्याचा लखलखाट झाला. अक्कानें पदर सांवरला आणि गाणें तेथेंच थांबलें. दुसऱ्या दिवशीं नातीनें कॅमेरा खोलींत ठेविला व अक्कासमोर बसून खुंट्याला हात घातला. पांच-सात फेरे नुसतेच गेले. घरघर एकसारखी झाली तशी अक्का गुणगुणूं लागली. आधीं देवाची ओवी, मग आईबापांची, मग माहेरच्या वाटेची. जातें जड झालें कीं सूर खालीं येई, मोकळें फिरूं लागलें कीं वर जाई.

आणि मग तीच जुनी ओवी आली. तिसऱ्या चरणांत दोन अक्षरें कमी होतीं, आणि नेमका त्याच ठिकाणीं अक्काचा डावा हात जात्याच्या तोंडांत घास टाकीत होता. मागील अक्षर लांबवून तिनें तेवढी जागा भरून काढली. फेरा पुरा झाला आणि चौथा चरण बरोबर उतरला. मीं बोटांवर मोजलेली उणीव ही तिच्या हातानें राखलेली जागा होती. पाठोपाठ भावाच्या ओव्या सुरू झाल्या. मला तेथें बसवेना. मी परसांत जाऊन उभा राहिलों.

तिसऱ्या दिवशीं नातीनें एकच चित्र घेतलें, तेंही लखलखाटाशिवाय, दारांतून येणाऱ्या उजेडावर. त्यांत अक्काचा चेहरा अर्धा सांवलींत आहे. उजेड आहे तो घास टाकणाऱ्या हातावर. ती म्हणाली, "आजोबा, मी दोन दिवस खुंटा ओढला नसता, तर हा हात कधीं सुटतो तें मला कळलंच नसतं." मम्मटाचा अभ्यास या शब्दाचा अर्थ मला त्या पडवींत लागला.

"अक्का, ही चाल कोणाची?" मीं विचारलें. ती म्हणाली, "माझी नव्हे. आपल्या घरीं दळायला येत असे ना, तिची. नवव्या वर्षापासून तिच्यासमोर बसलें मी." "तिचं नांव काय?" अक्का बराच वेळ आठवीत राहिली. मीही आठवून पाहिलें. ती आमच्या घरीं वर्षानुवर्षें आली, आणि आम्हां दोघांनाही तिचें नांव सांगतां आलें नाहीं.

हेमा रायरकर व गी पॉइतवाँ या दोघांनीं महाराष्ट्रांतील हजारावर गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांवही लिहून ठेविलें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें कित्येक बायकांचे आवाजही मुद्रित झाले. त्यांत आपल्याच जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. नातीनें तो अक्काला ऐकविला. अक्का डोळे मिटून ऐकत होती. उजवा हात मात्र मांडीवर गोल फिरत होता.

वाचकांच्या घरींही अशी एखादी अक्का, आत्या वा मावशी असेल. तिला गा म्हणूं नये. तिच्या कामाला हात लावावा, म्हणजे गाणें आपोआप येतें. आणि चाल कोणाकडून घेतली तें नांव तेव्हांच विचारून ठेवावें. आम्हांस उशीर झाला.

निघतांना पायां पडलों तेव्हां मीं म्हटलें, "अक्का, तो तिसरा चरण लंगडा नव्हता गं."

"कोणता चरण?" तिनें विचारलें, आणि भरडलेल्या तुरींची पुरचुंडी माझ्या पिशवींत ठेविली.