‘साधी दुखण्याची गोळी’

माझ्याकडे अनेक वर्षे उपचार घेणाऱ्या एका आजींना न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. ताप उतरला, परंतु दुसऱ्या रात्रीपासून त्या अंथरुणात तळमळू लागल्या. सतत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घाम, जुलाब. जुलाबांचे खापर प्रतिजैविकांवर फुटले, तळमळीचे वयावर. सूनबाईंचा फोन आला, तेव्हा मी चपापलो. गुडघेदुखीसाठी आजी रोज घेत असलेल्या गोळीत ट्रॅमाडॉल होते, आणि ती गोळी मीच लिहून दिली होती. थोड्या दिवसांसाठी दिलेली चिठ्ठी दोन वर्षे चालत राहिली, हा माझा दोष. रुग्णालयात कोणी विचारले नाही आणि ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून घरच्यांनी सांगितले नाही.

ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातील औषधांप्रमाणे काम करते. २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. अशा औषधाची शरीराला सवय झाली की ते अचानक थांबवल्यावर एक-दोन दिवसांत ही लक्षणे उमटू शकतात. हे व्यसन नव्हे. सांगण्यात लाज बाळगू नये. नाडी, घाम, बाहुल्यांचा आकार, जांभया अशा ११ निकषांवर गुण देणारी एक मोजपट्टी डॉक्टरांकडे असते. ती वापरायला काही मिनिटे पुरतात. मात्र आधी शंका यावी लागते. त्यासाठी दाखल होतानाच प्रत्येक रुग्णाला याविषयी विचारले गेले पाहिजे.

तोवर आपण एवढे करावे. रुग्णालयात जाताना घरातील सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत; कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, कर्करोगासाठीचे मॉर्फिन आणि त्वचेवर चिकटवायची वेदनाशामक पट्टीही त्यात धरावी. शेवटची मात्रा कधी घेतली, ते सांगावे. रुग्ण अस्वस्थ दिसल्यास ‘रोजची एखादी गोळी बंद झाली आहे का?’ असे विचारावे. मात्र डॉक्टरांना न कळवता घरची गोळी देऊ नये. दुहेरी मात्रेने श्वास मंदावू शकतो.

तेथील डॉक्टरांनी आजींची गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढे काही आठवड्यांत मात्रा हळूहळू उतरवली. आता अशी औषधे देताना मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहितो : ‘अचानक बंद करू नये. दाखल झाल्यास डॉक्टरांना दाखवावी.’