जामीनकीची सही

गेल्या कार्तिकात काकडआरती आटोपून आम्ही जसोंडीच्या देवळाच्या पायरीवर विसावलो होतो. तोच गावातील एक तरुण जवळ आला. केळीच्या बागेत ठिबकाच्या नळ्या घालण्यासाठी त्यास बुऱ्हाणपूरच्या एका पतसंस्थेतून कर्ज हवे होते. जामीनदार म्हणून त्याला आमची सही पाहिजे होती. ‘उद्या पाहू’ म्हणून आम्ही वेळ मारून नेली. परंतु घरी पोहोचेपर्यंत मनास टोचणी लागली.

आमच्या वडिलांनी अशी सही केली होती. शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जास ते जामीन राहिले. पुढे कापूस बुडाला, हप्ते थकले, ते वडिलांनी भरले. या कानाचे त्या कानाला कळू दिले नाही. त्यांच्या पश्चात पेटीत पावत्या सापडल्या तेव्हा आम्हांस हे समजले.

सहकारी पेढी मुळात अशाच सह्यांवर उभी राहिली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि २७ डिसेंबर १९०६ रोजी श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी मुंबईत आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने पतसंस्था काढली. १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत बँकेची मूळ संस्था स्थापन झाली. आजारपण, कार्य, जुने देणे अशा अडचणींत पगारदार कुटुंबाजवळ तारणास देण्याजोगे काही नसे. असे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळविलेले नाव. ज्ञातीतील ओळख हेच तेथे तारण ठरले. शिवाय भाग कितीही असोत, सभासदाचे मत एकच!

त्या रोपांचे आज वृक्ष झाले आहेत. सारस्वत बँक ही देशातील सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक आहे. तरीही व्यापारी बँकांच्या अफाट उलाढालीपुढे साऱ्या नागरी सहकारी बँकांचा वाटा लहानच. त्यांचे खरे बळ रकमेत नसून ओळखीत आहे, असे आम्हांस वाटते.

पण ओळख आंधळीही असू शकते. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांस बँकिंगचा कायदा लागू झाला. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारास आरंभी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. एकाच बांधकाम-समूहास दिलेली प्रचंड कर्जे हिशेबात दडविली होती. २०२० साली ठेवींचे विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले, हे बरे झाले. परंतु वार्षिक सभेस न जाणाऱ्या, ताळेबंद न उघडणाऱ्या सभासदाची उणीव कोणता विमा भरून काढणार?

वडिलांची सही भिडेची नव्हती, हे आता उमगते. शेजाऱ्याचे शेत, त्याची मेहनत, त्याचा शब्द हे सारे त्यांनी पाहिले होते. आणि पीक गेले तेव्हा त्या पाहण्याची किंमतही त्यांनी मोजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तरुणाच्या बागेत गेलो. विहिरीचे पाणी पाहिले, मागील हंगामाची वही मागितली, हप्ता किती नि कोठून भरणार हे विचारले. त्याने न रागावता सर्व सांगितले. मग तेथेच बांधावर बसून आम्ही अर्जावर सही केली.