आजींचा टीव्ही आणि खोटी साक्ष

आपल्याकडे स्टीलचं भांडं विकत घेतलं की दुकानदार पहिलं विचारतो, नाव काय घालायचं? चर्चच्या सणाला जेवण झालं की दुसऱ्या दिवशी त्या कोरलेल्या नावांवरूनच पातेली घरोघर परत जातात. भांड्यावरचं नाव फक्त मालक सांगतं. आत वरण आहे की खीर, याबद्दल ते बोलत नाही, म्हणून सहसा खोटं ठरत नाही. टीव्हीच्या पडद्यावर इनपुटची जी नावं दिसतात, सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे, पीसी, गेम, ती मात्र आत कोण आहे हे सांगायला जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. धर्मशिक्षणाच्या बाईंना हा विषय कुठून सुचला असं काही जण विचारतील. तो डिंडोलीतल्या एका घरात सापडला.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांना कम्युनियन द्यायला घरोघर जातात, तेव्हा मी सोबत असते. त्या घरातल्या आजी मूळच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या, हरेगावजवळच्या. मतमाउलीच्या यात्रेला त्या लहानपणी बैलगाडीतून गेलेल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं. मुलगा हजिऱ्याला शिफ्टमध्ये, सून शिवणाच्या कारखान्यात, नात सातवीत आणि माझ्याच वर्गात. मुलाला सिनेमाचा मोठा षौक. त्याने हौसेने हॉलमध्ये मोठा टीव्ही, साउंडचा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर असं सगळं जमवलं आहे. आजींना त्याचं एकच काम: रविवारची मराठी मिस्सा आणि सप्टेंबरच्या यात्रेआधीचे नोव्हेनाचे शनिवार.

टीव्हीवरची मिस्सा चर्चमधल्या मिस्सेची जागा घेत नाही, हे फादर दरवर्षी सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण ज्याला जिना उतरता येत नाही त्याला ती खिडकी आहे. म्हणून मी सहज विचारलं, "आजी, रविवारी मिस्सा बघता ना?"

"बंद केलं बाई. माझा हात लागला की बिघडतं ते."

गेल्या दिवाळीपासून त्यांनी रिमोटला हात लावला नव्हता. नाताळच्या रात्री घरचे चर्चला आले आणि आजी समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत जपमाळ करत बसल्या. पवित्र आठवडाही तसाच गेला. घरात ठरून गेलं होतं की आजींना जमत नाही. नातही म्हणाली, "टीचर, आजी चुकीचं बटण दाबते."

मी म्हटलं, दाबून दाखवा. आजींनी रिमोट घेतला, सोर्सचं बटण दाबलं, मुलाने शिकवलं होतं तसं एकेक करत डब्याच्या चित्रापर्यंत आल्या आणि ओके केलं. पडद्यावर उमटलं: सिग्नल नाही. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, मी सांगत नव्हते?

आजींनी एकही बटण चुकीचं दाबलं नव्हतं. दिवाळीत मुलाने रिसीव्हर आणला आणि सेट टॉप बॉक्सची वायर टीव्हीतून काढून रिसीव्हरला लावली. बॉक्स गेला, पण तिसऱ्या इनपुटवरचं त्याचं नाव आणि चित्र तिथेच राहिलं. आठव्या आज्ञेचा धडा शिकवताना मी मुलांना नेहमी सांगते की खोटी साक्ष देणाऱ्याचं काही जात नाही, शिक्षा दुसऱ्यालाच होते. इथे साक्ष टीव्हीने दिली आणि आठ महिने शिक्षा भोगली आजींनी.

ही नावं येतात कुठून, ते जरा नीट सांगते, कारण ते कळलं की अर्धी भीती जाते. एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, तोशिबा अशा सात कंपन्यांनी मिळून ते केलं. त्या वायरीत १९ पिना असतात. बहुतेक पिना चित्र आणि आवाज नेण्यात गुंतलेल्या, पण १३ वी पीन उपकरणांच्या आपापसातल्या गप्पांसाठी ठेवलेली आहे. तिला सीईसी म्हणतात. एका रिमोटने टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही चालू होतात ते हिच्यामुळे. गंमत म्हणजे नावं वाहून नेणाऱ्या या सोयीलाच प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलं आहे. सॅमसंगमध्ये ती ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राविया सिंक.

या पिनेवरून उपकरण आपला पत्ता सांगतं आणि आपलं नावही सांगतं. पत्ता आपल्या सोसायटीच्या घर नंबरासारखा असतो. टीव्हीच्या दुसऱ्या इनपुटला रिसीव्हर असेल तर त्याचा पत्ता दोनने सुरू होतो, आणि रिसीव्हरच्या मागे लावलेला बॉक्स दोनच्या आत एक किंवा दोनच्या आत दोन असा राहतो. स्वतःच्या नावासाठी त्याला फक्त १४ अक्षरांची जागा मिळते, तीही रोमन लिपीतच. याशिवाय बरीच उपकरणं चित्रासोबत एक छोटा सांकेतिक आकडा पाठवतात: मी सेट टॉप बॉक्स आहे, मी डीव्हीडी आहे, मी कॉम्प्युटर आहे. काही पाठवतच नाहीत. मग टीव्ही अंदाज करतो, किंवा आधी तिथे कोण होतं ते धरून बसतो. तिसरा हात आपला. आपण मेनूत जाऊन नाव बदललं असेल तर अनेक टीव्ही तेच जपून ठेवतात, वायर काढली तरी. आजींच्या टीव्हीत हेच झालं होतं. मुलाने कधीकाळी स्वतःच्या हाताने, आईला सोपं जावं म्हणून, डब्याचं चित्र निवडून ठेवलं होतं.

रिसीव्हरच्या मागची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नावं कारखान्यातूनच छापून येतात: केबल, ब्लू-रे, गेम, मीडिया प्लेअर. आतून ही भोकं बहुधा सारखीच असतात, नाव फक्त सोयीसाठी. बॉक्सची वायर आखूड पडली म्हणून मुलाने ती ब्लू-रेच्या जागी खुपसली. त्यामुळे सेट टॉप बॉक्स आता ब्लू-रे या नावाने नांदत होता आणि ज्याला सेट टॉप बॉक्स म्हणत होते तिथे कोणीच नव्हतं.

पुढच्या रविवारी मुलाला सुट्टी होती, तेव्हा आम्ही बसलो. मी कला शाखेची पदवीधर, विजेचं शास्त्र माझं नाही. पण पॅरिश हॉलमधला टीव्ही गेली काही वर्षं मीच लावते आणि माहितीपुस्तिका वाचायची मला सवय आहे. मुलगा लगेच मेनू उघडून नावं बदलायला निघाला. मी त्याला थांबवलं. आधी कोण कुठे आहे ते बघायचं, नाव मग.

इथे मला उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातला इसहाक आठवतो. डोळ्यांनी दिसेना. समोर याकोब उभा, पण अंगावर एसावाचे कपडे आणि हाताला करडांची कातडी. म्हाताऱ्याने हात चाचपले, कपड्यांचा वास घेतला, जेवणही चाखून पाहिलं. खरं एकटा आवाज सांगत होता, आणि तो त्याच्या कानांना पटलाही होता. तरी त्याने कातड्यावर विश्वास ठेवला. टीव्हीच्या बाबतीत आवाज म्हणजे काय? एकेक उपकरण चालू करायचं, बाकी सगळी बंद ठेवायची, आणि कोणत्या इनपुटवर चित्र येतं ते डोळ्यांनी बघायचं. पडद्यावर नाव काय लिहिलंय ते त्या वेळी वाचायचंही नाही. नातीने वहीत दोन रकाने आखले आणि लिहीत गेली. दहा मिनिटांत खरी यादी तयार झाली. तिसऱ्या इनपुटपुढे तिने लिहिलं, "कोणी नाही."

मग प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कापडी पट्टी लावून त्यावर पेनने नाव लिहिलं. सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढून पाचेक मिनिटं तसंच ठेवलं. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, विसरत नाही. प्लग काढल्यावर उपकरणं पुन्हा एकमेकांना नव्याने ओळख सांगतात. चालू करताना आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बाकीचे. त्यानंतर मेनू. टीव्हीत तिसऱ्या इनपुटवरचं डब्याचं चित्र काढून नुसतं एचडीएमआय ३ केलं. रिसीव्हरच्या मेनूत ब्लू-रेचं नाव बदलून टीव्ही बॉक्स केलं, आणि जी नावं वापरात नाहीत ती यादीतून लपवली. डेनॉनसारख्या रिसीव्हरमध्ये याला सोर्स रिनेम आणि हाइड सोर्सेस म्हणतात. लपवण्याचं काम लोक करत नाहीत, पण माझ्या मते सर्वांत मोठा फायदा त्याचाच. म्हाताऱ्या माणसाला सात नावांतून एक शोधायला लावणं आणि दोनातून एक, यात फार फरक आहे.

मुलाची एक जुनी तक्रारही यात सुटली. पहिल्या इनपुटला त्याची सिनेमाची स्टिक होती, पण नाव होतं पीसी, कारण पूर्वी तिथे लॅपटॉप लागत असे. सिनेमा लावला की चित्राच्या निम्म्या सेटिंग्ज राखाडी होऊन बसत, आणि तो म्हणे टीव्हीच खराब आहे. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींत पीसी हे नाव नुसतं नाव नसतं. ते निवडलं की टीव्ही बारीक अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून रंगाचा पूर्ण तपशील राखतो आणि चित्र सुधारणारी स्वतःची बरीचशी प्रक्रिया बंद करतो. लॅपटॉपला ते हवंच असतं, सिनेमाला नको असतं. स्टिकला तिचं खरं नाव दिलं आणि सेटिंग्ज उघडल्या. म्हणजे टीव्ही ज्या नावाने ओळखतो तसंच वागवतो, नाव कितीही जुनं असो. वर्गातल्या एका मुलाला चार वर्षं सगळे मस्तीखोर म्हणत आले आहेत. त्याला मी अजून एकदाही वाचन करायला वेदीजवळ पाठवलेलं पाहिलं नाही. या वर्षी पाठवणार आहे.

मुलाने विचारलं, ही सीईसीच बंद करून टाकू का? म्हणजे नावं परत बदलणार नाहीत. मी नको म्हटलं. टीव्हीचा आवाज ज्या वायरीने रिसीव्हरकडे परत जातो तिला एआरसी म्हणतात. ती सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आली, आणि पुष्कळ टीव्हींत ती सीईसीवर अवलंबून असते. ते बंद केलं तर आजींना आवाजासाठी दुसरा रिमोट शोधावा लागेल.

शेवटची अडचण लिपीची. आजी मराठी चौथी शिकलेल्या, दुपारभर मराठी प्रार्थनापुस्तक वाचतात, पण पडद्यावरची सगळी नावं इंग्रजीत. चित्रावरून ओळखायच्या, म्हणूनच चित्र खोटं निघाल्यावर त्यांच्याकडे दुसरा आधारच उरला नाही. योहानाच्या १९ व्या अध्यायात पिलाताने क्रूसावर लावलेली पाटी आठवा. ती तीन भाषांत होती, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक, आणि रस्त्याने जाणाऱ्या अनेकांनी ती वाचली. मुख्य याजकांना मजकूर बदलून हवा होता, त्याने बदलला नाही. पिलाताबद्दल चांगलं बोलायला मला फारसं सापडत नाही, पण वाचणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत त्याने लिहवून घेतलं, एवढं खरं. त्या टीव्हीच्या मेनूत देवनागरीत नाव लिहायची सोय नव्हती. म्हणून नातीने रिमोटच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहिलं: १ पप्पांचा सिनेमा, २ मिस्सा आणि बातम्या. तीनपुढे ती थांबली. आजी म्हणाल्या, "लिही, रिकामं." तिने लिहिलं.

मग आजींनी स्वतः दोन नंबर निवडला. बॉक्स लागला. कोणी काही बोललं नाही. सून आत जाऊन चहा टाकायला लागली. मुलगा बराच वेळ रिमोटची पाठ बघत होता, मग म्हणाला, "आई, तू बरोबरच दाबत होतीस." आजींनी त्याला आवाज कमी करायला सांगितलं, पाच स्पीकरांतून येणारा घंटेचा नाद त्यांना फार होतो.

आपल्या पॅरिशमध्ये अशी आणखी घरं असणार. रविवारच्या मिस्सेनंतर मी हॉलमध्ये अर्धा तास थांबते. येताना टीव्हीच्या आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणा, वायरी दिसतील असा. घरात आजी-आजोबा असतील तर आधी त्यांच्याच हातात रिमोट द्या आणि ते काय दाबतात ते मध्ये न बोलता बघून या. पट्टी कापडी घ्या. कागदी पट्टी सुरतच्या मे महिन्यात आठवडाभरही टिकत नाही.