‘जोरात मार!’ म्हणणाऱ्या आईबाबांसाठी

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. विषय गोल्फचा आहे, पण तुमची मुलं टेनिस खेळत असोत, पोहत असोत नाहीतर व्हायोलिन वाजवत असोत, शेवटपर्यंत वाचा. यात चूक माझी आहे, त्यामुळे वाचताना तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. इथे हायस्कूलच्या मुलींच्या गोल्फचा सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती, टीममध्ये दुसरं वर्ष. सप्टेंबरमधली नऊ होल्सची मॅच. मी ऑफिसमधून लवकर निघून थेट मैदानावर. तिसऱ्या होलला ती ड्रायव्हर घेऊन उभी राहिली आणि मी कार्टच्या रस्त्यावरून म्हटलं, “अगं, घाबरतेस काय, जोरात मार!” मराठीत म्हटलं, म्हणजे जणू कोणाला कळणारच नाही. बॉल उजवीकडे वळून सरळ झाडीत गेला.

मराठी कोणाला कळलं नसेल, पण आवाज सगळ्यांना कळला. स्पर्धेत प्रेक्षकांनी खेळाडूला सल्ला द्यायचा नसतो, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. कोच माझ्याकडे आले आणि फक्त मान हलवली. लेकीने वळून पाहिलंसुद्धा नाही.

घरी येताना गाडीत मी आकडे सुरू केले. पेशाने सीए, सवय जात नाही. माझ्याकडे तिच्या प्रत्येक मॅचची एक्सेल शीट होती: कुठल्या होलला किती शॉट्स, किती पट्स, कुठे पेनल्टी. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आई, तू उद्यापासून येऊ नकोस. आणि मला बहुतेक हे सोडायचंय.”

रात्री झोप लागली नाही. दोन दिवसांनी मी कोचना मेसेज केला. माझी अपेक्षा होती की ते तिची समजूत घालतील. त्यांनी मलाच ड्रायव्हिंग रेंजवर बोलावलं.

तिथे त्यांनी फोनवर लेकीचे दोन व्हिडिओ दाखवले. एक सरावाचा, एक त्या मॅचचा. म्हणाले, तुम्हाला आकडे आवडतात ना, मग फ्रेम्स मोजा. सेकंदाला तीस फ्रेम्सचा व्हिडिओ. सरावात क्लब मागे वर जायला २४ फ्रेम्स, वरून बॉलपर्यंत यायला ८. मॅचमध्ये मागे जायला १७, खाली यायला ८. म्हणजे खाली येण्याचा वेळ तोच होता. तिने घाई केली होती ती मागे जातानाच.

२४ ला ८, म्हणजे तीनास एक. हे प्रमाण गोल्फमध्ये प्रसिद्ध आहे हे मला तेव्हा कळलं. जॉन नोव्होसेल नावाच्या गृहस्थांनी मोठमोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ असेच फ्रेम मोजून पाहिले आणि २००४ मध्ये ‘टूर टेम्पो’ नावाचं पुस्तक काढलं. कोणाचे २७ ला ९, कोणाचे २४ ला ८, कोणाचे २१ ला ७. एकूण वेळ वेगळा, प्रमाण तेच. पुढे येल विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ग्रोबर यांनी क्लबमध्ये सेन्सर बसवून मोजलं, तेव्हाही चांगल्या खेळाडूंचं प्रमाण तीनास एकच्या आसपासच निघालं.

आता इथे एक गैरसमज होतो, माझाही झाला. स्मूद म्हणजे हळू, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. एर्नी एल्सला ‘बिग ईझी’ म्हणतात, त्याचा स्विंग बघताना वाटतं की हा माणूस झोपाळ्यावर बसलाय. पण क्लब बॉलवर येतो तेव्हा त्याचा वेग प्रचंड असतो. निक प्राइसचा स्विंग एकदम चटपटीत. दोघांनीही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यामुळे मुलांना “हळू मार” सांगणं हा उपाय नाही. ज्याची त्याची गती वेगळी असू दे, जाणं आणि येणं यांचं नातं बिघडता कामा नये.

का बिघडू नये, तेही त्यांनी समजावून सांगितलं. मी माझ्या भाषेत सांगते.

गावाकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारे तुम्ही पाहिले असतील. दगड लांब जातो तो मनगटातल्या ताकदीने नाही. गोफण लयीत फिरते, वेग साठत जातो आणि नेमक्या क्षणी एक दोरी सुटते. मध्येच हिसका दिला तर दगड पाखराऐवजी शेजाऱ्याकडे जातो. गोल्फचा स्विंगही असाच साखळीचा खेळ आहे. खाली येताना आधी कंबर वळते, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लब. आधीचा भाग किंचित मंदावतो आणि आपला वेग पुढच्याला देतो. चांगल्या खेळाडूची तर क्लब अजून वर जात असतानाच कंबर परत फिरायला लागलेली असते. मागे जाण्याची घाई झाली की ही साखळी जुळायला वेळच मिळत नाही. मग हात आणि खांदे आधी धावतात, क्लब बाहेरच्या बाजूने येतो, तोंड उघडं राहतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळतो. आमची झाडी तिथेच होती.

दुसरी गोष्ट वेळेची. वरून बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही पाहून हाताने प्रतिसाद द्यायलाच माणसाला जवळजवळ तेवढा वेळ लागतो. आणि क्लब बॉलला चिकटलेला असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. त्यामुळे खाली येताना “अरे, चुकतंय” म्हणून दुरुस्ती करता येत नाही. जे काही ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून लय महत्त्वाची. प्रत्येक वेळी शरीर त्याच क्रमाने, त्याच वेळी, त्याच जागी येईल याची ती एकमेव हमी आहे.

आता हिशोब. बॉल क्लबच्या बरोबर मध्यावर लागला तर ड्रायव्हरने बॉलचा वेग क्लबच्या वेगाच्या जास्तीत जास्त दीडपट होतो. समजा लेकीने लयीत, ताशी ८५ मैलांनी क्लब आणला आणि संपर्क चांगला झाला, तर गुणक १.४५ धरू. बॉलचा वेग १२३ मैल. आता आई ओरडली म्हणून तिने ९० मैलांनी मारला, पण बॉल कडेला लागला आणि गुणक १.३ झाला, तर बॉलचा वेग ११७. पाच मैल जास्त खर्च करून सहा मैल तोटा, वर दिशाही गेली. टर्नओव्हर वाढवून मार्जिन घालवणाऱ्या क्लायंटला मी काय सुनावते ते माझं मला माहीत. मैदानावर मीच ते करायला लावत होते.

मग कोच म्हणाले, आता तुम्ही मारून बघा. मी आयुष्यात क्लब धरला नव्हता. पन्नास बॉल्सची बादली. पहिले दहा-बारा बॉल जागचे हललेच नाहीत, मी नुसतीच मॅट बडवत होते. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात, दोघांचे बॉल सुरेख चाललेले. ती छोटी मुलगी माझ्याकडे बघायला लागली आणि माझी पकड इतकी घट्ट झाली की कोपरापर्यंत हात दुखायला लागला. सॅम स्नीड म्हणे सांगायचे की क्लब जिवंत पक्षी धरल्यासारखा धरावा, उडू नये पण गुदमरूही नये. माझा पक्षी केव्हाच गेला होता.

एका सात-आठ वर्षांच्या अनोळखी मुलीने नुसतं पाहिलं तर माझी ही अवस्था. स्वतःची आई ओरडते तेव्हा पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातांचं काय होत असेल? घट्ट मुठीत मनगट मोकळं फिरत नाही, श्वास अडकतो, मागे जायची घाई होते. १७ फ्रेम्स. ती चूक तिच्या तंत्रातली नव्हती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ताकद वाईट असा याचा अर्थ नाही. जॅक निकलॉस इथलेच, कोलंबसचे. लहानपणी सायोटो क्लबमध्ये त्यांचे कोच जॅक ग्राउट त्यांना आधी बॉल लांब मारायला शिक, नेम नंतर बघू, असंच सांगायचे. मुलांनी सरावात मनसोक्त जोरात मारावं, त्यातूनच वेग येतो. फरक इतकाच की तो जोर आतून यायला हवा, मोकळ्या शरीराने. अक्षय भाटियाला बघा, २०२४ ची टेक्सास ओपन जिंकणारा आपला देसी मुलगा. किती सडपातळ आहे! तो बॉल लांब पाठवतो ते दंडांच्या जोरावर नक्कीच नाही.

लेकीशी बोलायला मला आठवडा लागला. “सॉरी, माझं चुकलं,” एवढंच म्हटलं. गोफण, अर्धा मिलिसेकंद, गुणक, काहीच सांगितलं नाही (फार मोह झाला होता). एक्सेल शीट तिच्यासमोर डिलीट केली. ती म्हणाली, “बॅकअप असेल तुझ्याकडे.” होता. तोही काढला.

तिने सीझन पूर्ण करायचं ठरवलं, पुढचं नंतर बघू म्हणाली. मी मॅचला जात नव्हते.

त्याच काळात घरी एक गोष्ट घडली. ती इथल्या ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. एक दिवस बेसमेंटमध्ये क्लब घेऊन उभी होती आणि तोंडाने मोजत होती, एक-दोन-तीन-चार, एक. मी जिन्यातच थांबले. तिने स्वतःच शोधलं होतं: पहिल्या मात्रेला क्लब निघतो, चौथ्या मात्रेला वर पोचतो आणि पुढच्या समेवर बॉल. तबला शिकलेल्यांनी करून बघा. एक ते चारमध्ये तीन मात्रांचं अंतर, चार ते सममध्ये एक. तीनास एक! लय मात्र द्रुतच ठेवावी लागते, एक मात्रा पाव सेकंदाहून किंचित जास्त. मी खाली गेले नाही. शोध तिचा होता, त्यावर माझी सही नको.

त्यानंतर जूनमध्ये आम्ही डब्लिनला मेमोरियल स्पर्धेच्या सरावाच्या दिवशी गेलो. निकलॉस यांनी १९७६ साली सुरू केलेली ही स्पर्धा आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि इतक्या वर्षांत मी कधी गेले नव्हते. रेंजवर ओळीने उभे खेळाडू, प्रत्येकाची ढब निराळी. लेक म्हणाली, “आई, डोळे मिटून ऐक.” डोळे मिटल्यावर सूऽऽ आणि टक, सूऽऽ आणि टक. एकही आवाज घाईचा नव्हता.

ज्यांना मुलांना गोल्फ शिकवावंसं वाटतं पण खर्चाची भीती वाटते त्यांच्यासाठी: ‘यूथ ऑन कोर्स’ची मेंबरशिप घ्या, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांच्या मैदानांवर साधारण पाच डॉलरमध्ये खेळता येतं. क्लब्स जुने घ्या, मुलं भराभर वाढतात. आणि शाळेच्या मुलींच्या टीमला खेळाडू कमी पडत असतील तर मुलीला जाऊ द्या, अगदी नवशिकी असली तरी.

लेक अजून खेळते. चॅम्पियन वगैरे झालेली नाही. स्कोअर चार-पाच शॉट्सनी कमी झालाय, पण ती उंचही झालीय, तेव्हा श्रेय कोणाचं ते मी ऑडिट करणार नाही. या ऑगस्टमध्ये तिनेच सांगितलं, “येऊ शकतेस, पण लांब उभी राहा.” मी लांब उभी राहते. ती क्लब वर नेते तेव्हा मी मनात मोजते, एक-दोन-तीन-चार, आणि तोंड बंद ठेवते. ते शिकायला तिच्या स्विंगपेक्षा जास्त सराव लागला.

गाडीत बसल्यावर मी एवढंच विचारते, “भूक लागलीय का?” कधी कधी ती आपणहून सांगते, “आई, सातव्या होलला एक असला भारी लागला ना!” कधी हेडफोन लावते. दोन्ही चालतं.

तुमच्या गाडीत मॅच संपल्यावर पहिलं वाक्य कोणाचं असतं? खरं खरं सांगा.