घर पडत नाही, संसार वाहून जातो : चिपळूण आणि घराचा विमा

पावसाळा तोंडावर आला की आमच्या चिपळुणात दोन गोष्टी ठरलेल्या. वाशिष्ठीतला गाळ किती निघाला यावर वाद, आणि तळमजल्यावरचं सामान वर चढवणं. घराच्या विम्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाली शहरात येतो. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही शेवटी वाशिष्ठीतच येतं. त्यात गोवळकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाटच उरत नाही. २००५ च्या जुलैत हे पाहिलं होतं. २२ जुलै २०२१ ला पाणी त्याहूनही वर गेलं.

त्यानंतर ३ ऑगस्टला राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पाणी शिरलेल्या घराला सानुग्रह अनुदान १० हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. मदत मिळाली, नाही म्हणत नाही. पण इथली आरसीसीची घरं पुरात पडत नाहीत. स्लॅब जागेवर राहतो, आणि फ्रीज, कपाटं, गाद्या, वायरिंग, मुलांची दप्तरं सगळं चिखलात जातं. पंचनाम्याच्या कागदावर ते घर 'अंशतः बाधित'. त्या १० हजारांत काय काय उभं करायचं?

"आमचं गृहकर्ज आहे, म्हणजे विमा असणारच," असं बरेच जण म्हणतात. एकदा पॉलिसी काढून वाचा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो, घराचा नसतोच. घराचा असला तरी बहुतेक वेळा फक्त बांधकामाचा. आमच्या आळीतल्या एका काकांना २०२१ मध्ये हेच उत्तर मिळालं : भिंती शाबूत आहेत, सामान पॉलिसीत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, वादळ यांच्यासोबत पूर त्यात आहेच, वेगळा मागावा लागत नाही. घराची किंमत बाजारभावाने धरत नाहीत. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढाच हिशोब. ८०० चौरस फूट आणि दर २ हजार धरला तर १६ लाख. बांधकाम आणि सामान दोन्ही घेतलं, तर बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के सामानाला आपोआप धरले जातात, म्हणजे इथे ३ लाख २० हजार. त्याची कमाल मर्यादा १० लाख. सोनंनाणं त्यात येत नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं. भाडेकरूला फक्त सामानाचा विमाही घेता येतो. आमच्या घराचा वर्षाचा हप्ता मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी आहे.

एक काम आजच करा. घरातल्या प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, मोठ्या वस्तूंच्या बिलांचे फोटो काढा आणि परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पूर ओसरला की नगरपरिषदेच्या गाड्या येतात आणि रोगराईच्या भीतीने सगळं सामान रस्त्यावर जातं. ते साहजिकच आहे. पण मग सर्व्हेअर येतो तेव्हा दाखवायला काहीच नसतं. सामान टाकण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या. दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

"विम्याने पूर थांबणार आहे का?" नाही. गाळ निघालाच पाहिजे, त्यासाठी गावाने उपोषणं केली आहेत आणि पुन्हा करावी लागली तर करू. पण पॉलिसीचा माणूस करारावर बोट ठेवून पैसे मागतो. अनुदानाच्या रांगेत हात पसरावा लागतो. फरक नुसता रकमेचा नाही.

आणि हे सगळं एकेकट्याच्या खिशावर सोडूनही चालणार नाही. नदीकाठच्या चाळीत रोजंदारीवर जगणाऱ्याला पॉलिसी कोण समजावणार? कोकणात कित्येक घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत, पाच वारस मुंबईत. अशा घराचा दावा कागदांतच अडकतो. मग निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतल्या घरांचा सामूहिक विमा शासनाने का काढू नये? हप्त्याचा काही भाग शासनाने द्यावा, उरलेला घरपट्टीबरोबर घ्यावा. नागालँडसारख्या छोट्या राज्याने अतिवृष्टीसाठी राज्यपातळीवर विमा घेऊन दाखवला आहे. दुसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के ठेवला. घर ही चैन आहे का?

पूररेषा आखताना आमच्या घरांवर लाल खूण करायला शासन येतं. त्याच रेषेच्या आत राहणाऱ्यांना विम्याचं छत्र द्यायलाही यावं. नगरपरिषदेत मत मागायला येतील त्यांना हा प्रश्न विचारा. तोवर आपापली पॉलिसी कपाटातून काढून एकदा वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचायला लावा.